टाका कशावर टिकतो

“किती टाके पडले?” ऑपरेशननंतर नातेवाइकांचा हा पहिला प्रश्न असतो. आकडा मोठा असला की ऑपरेशन मोठं, असा त्यांचा हिशोब. पाच टाक्यांचं काम पंधरा टाक्यांच्या कामापेक्षा अवघड असू शकतं हे कुणाला पटत नाही, म्हणून मी आकडा सांगून मोकळी होते. तालुक्याच्या गावी जनरल सर्जन म्हणून माझी उमर गेली. अपेंडिक्स, हर्निया, फुटलेली आतडी, बैलाने खुपसलेली शिंगं, मळणी यंत्रात सापडलेले हात, जे दाराशी आलं ते शिवलं. त्यातून टाक्यांबद्दल जी मतं बनली ती इथे लिहिते आहे. सर्जरीला नव्याने लागलेल्या मुलामुलींना ती उपयोगी पडावीत, आणि ज्यांच्या अंगावर आमचे टाके आहेत त्यांनाही.

१. दोरा तुटत नाही, शरीर चिरतं

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आठवडाभरात कधी कधी आतली शिवण उसवते. आम्ही त्याला बर्स्ट अॅबडॉमेन म्हणतो. असा पेशंट पुन्हा टेबलावर घेतला की नवख्या रेसिडेंटला वाटतं, दोरा तुटला असणार, नाहीतर गाठ सुटली असणार. क्वचित तसं निघतंही. पण बहुतेक वेळा दोरा अखंड असतो, गाठ मारली तशीच्या तशी असते, आणि ज्या पांढऱ्या चिवट पडद्यातून दोरा ओवला होता तो पडदा चिरून दोरा मोकळा झालेला असतो. जीर्ण गोणपाट नव्या सुतळीने शिवलं तर सुतळी शाबूत राहते आणि गोणपाट फाटतं, तसला प्रकार.

हे एकदा पाहिलेला सर्जन दोऱ्याच्या जाहिरातींवर फार भाळत नाही. कंपनीचा प्रतिनिधी येऊन दोरा किती किलो वजन पेलतो ते सांगतो, आपण चहा पाजून त्याला निरोप द्यावा. हल्लीचे सगळेच दोरे गरजेपेक्षा मजबूत असतात. टाका ज्याच्यात घेतला ती ऊती कशी आहे, तिच्यातला किती भाग सुईत धरला आणि तो किती जोराने आवळला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. डायबेटिसचा पेशंट, अंगावर सूज असलेला कुपोषित पेशंट, दमेकरी, पोटात पू झालेला पेशंट: यांच्या ऊती टाका धरतच नाहीत. तिथे हात दुप्पट हलका लागतो.

२. दोऱ्यात कंजुषी नको, आणि त्याचं एक गणित आहे

पोट बंद करताना आतला मुख्य टाका शीथमध्ये घ्यायचा, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरच्या त्या पांढऱ्या आवरणात. त्वचेचा टाका फक्त दिसण्यापुरता. पेशंट शुद्धीवर आला की खोकतो, उलटी करतो, त्याचं पोट फुगतं, आणि फुगलं की जखमेची लांबी वाढते. १९७६ साली जेंकिन्स नावाच्या इंग्रज सर्जनने याचं गणित मांडलं. ही वाढ तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जखम लांबते, दोरा लांबत नाही. मग हिशोब चुकता करायला शीथ चिरते. म्हणून त्याने सांगितलं की जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा आत गेला पाहिजे. वीस सेंटिमीटरची जखम असेल तर ऐंशी सेंटिमीटर. दोरा कमी गेला याचा अर्थ टाके लांब लांब पडले किंवा फार ओढले गेले. दोन्ही वाईट.

माझ्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, शेवटची गाठ झाली की उरलेला तुकडा पट्टीवर मोजतात आणि मूळ लांबीतून वजा करतात. नवीन आलेला भूलतज्ज्ञ हसतो, मग त्याला सवय होते.

टाका कडेपासून किती लांबून घ्यायचा हा त्याच्या पुढचा प्रश्न. आम्हाला शिकवलं होतं, एक सेंटिमीटर आत आणि एक सेंटिमीटर अंतर. जास्त धरलं की जास्त टिकेल, हे तर्काला पटणारं होतं. पण मोठ्या घासात शीथबरोबर चरबी आणि स्नायूही येतो. तो मऊ भाग दोऱ्याखाली दबून मरतो, टाका सैल पडतो आणि कडा एकमेकींपासून सरकतात. स्वीडनमधल्या सर्जन मंडळींनी हे आधी दाखवलं होतं. मग २०१५ साली नेदरलँड्समधल्या दहा हॉस्पिटलांचा अभ्यास आला. ५६० पेशंट, निम्म्यांना सेंटिमीटरचे मोठे टाके, निम्म्यांना पाच-पाच मिलिमीटरचे बारीक टाके, तेही फक्त शीथमध्ये. वर्षभराने मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्क्यांना जखमेतून हर्निया झाला होता, बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्क्यांना. त्यानंतर मी हात बदलला. वेळ थोडा जास्त लागतो, दोरा बारीक असतो, सुई लहान असते, आणि असिस्टंट कंटाळतो. मात्र तो अभ्यास आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनांचा होता. मध्यरात्री आलेल्या, चार दिवस पोट फुगून बसलेल्या, पुवाने भरलेल्या पोटाला तोच नियम डोळे झाकून लावावा असं माझं मत नाही.

गंमत अशी की सुश्रुताने हे दोन्ही बाजूंनी सांगून ठेवलं आहे. सुई कडेपासून फार लांब घातली तर जखमेच्या ओठांना पीडा होते, फार जवळ घातली तर कड उपटून येते. मिलिमीटर त्याने दिले नाहीत, एवढंच.

३. सुईच्या वळणाने जा

सुई वाकडी असते ती मनगट फिरवण्यासाठी. नीडल होल्डरमध्ये, म्हणजे सुई धरायच्या चिमट्यात, ती टोकापासून साधारण दोन-तृतीयांशावर धरायची, त्वचेत काटकोनात घुसवायची आणि मग मनगट फिरवायचं. सुई आपल्या वळणाने आपण बाहेर येते. नवखी मुलं तिला सरळ पुढे ढकलतात. तसं केलं की छिद्र रुंद होतं, कड फाटते आणि सुई वाकते. वाकलेली सुई चिमट्याने सरळ करून पुन्हा वापरू नये. ती आत मोडते, आणि मग मोडकं टोक शोधत रात्र जाते.

मी शिकत होते तेव्हा नेढ्याच्या सुया सर्रास होत्या. सिस्टर रिळावरचा लिननचा दोरा ओवून द्यायच्या. नेढ्यात दोरा दुहेरी होतो, त्यामुळे भोक दोऱ्यापेक्षा मोठं पडायचं. आता दोरा सुईच्या बुडातच बसवून येतो, भोक दोऱ्याएवढंच राहतं. आतड्यावर टाका घ्यायचा तर ही गोष्ट फार मोठी आहे. आतड्याला गोल अंगाची सुई, त्वचेला धारेची. उलट झालं तर धारेची सुई आतड्याला चीर पाडते आणि त्यातून गळतं.

सुश्रुताच्या सुयाही तीन तऱ्हेच्या होत्या. कमी मांसाच्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळांची गोल, मांसल जागी तीन अंगुळांची त्रिधारी, आणि मर्मांवर, वृषणांवर व पोटावर धनुष्यासारखी वाकडी. पोटाला वाकडी सुई हे आजही आम्ही पाळतो.

४. गाठ

गाठ शिकायला ओटी लागत नाही. खुर्चीचा हात पुरतो. मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर अॅप्रनच्या काजांमधून दोऱ्याच्या गाठींच्या माळा लोंबत असायच्या. कोण किती सराव करतं ते त्यावरून कळायचं.

चौरस गाठ म्हणजे दोन वेढे, दुसरा पहिल्याच्या उलट दिशेने. दोन्ही वेढे एकाच दिशेने पडले तर जी गाठ होते ती बघायला तशीच दिसते आणि ओढ बसली की सरकते. म्हणून हात आलटून-पालटून जायला हवेत, आणि ओढताना दोन्ही टोकं समान, सपाट ओढायला हवीत. एक टोक ताठ धरून दुसऱ्याने नुसते वेढे घातले तर ती गाठ नसते, दांडीवर सरकणारी कडी असते.

वेढे किती, हे दोऱ्यावर ठरतं. रेशीम खरखरीत, त्याला तीन पुरतात. विरघळणाऱ्या गुंफीव दोऱ्याला चार. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत, शिवाय पाकिटातली घडी विसरत नाहीत, त्यांना पाच-सहा. त्याहून जास्त घातले तर ताकद वाढत नाही, शरीरात परकं ओझं वाढतं. पॉलिप्रॉपिलीन मध्येच नीडल होल्डरने चिमटायचं नाही. जिथे दाताचा वण पडतो तिथेच ते पुढे तुटतं.

खोल जागी, ओटीपोटाच्या तळाशी, गाठ तर्जनीने खाली ढकलत न्यायची असते. वर ओढली तर रक्तवाहिनीच हातात येते. बाकी, गाठ बसली की ती बोटाला कळते. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

५. ग्लोव्हचा नंबर

ही गोष्ट बायकांना जास्त कळेल. बऱ्याच ओटीत सात किंवा साडेसात नंबरचेच ग्लोव्ह मागवलेले असतात. माझा हात सहाचा. सैल ग्लोव्हच्या बोटाचं टोक गाठीत अडकतं, आणि बारीक दोरा बोटाला लागतच नाही. मागणीपत्रात आपला नंबर स्वतः लिहून घ्या. संकोच करू नका.

६. कडा भेटवा, गळा आवळू नका

दुसऱ्या दिवशी जखम सुजते. टाका घालताना ही सूज धरूनच हात चालवावा लागतो. टेबलावर कडा जेमतेम भेटल्यासारख्या दिसल्या तर उद्या त्या बरोबर बसतात. टेबलावरच घट्ट, देखणा दिसणारा टाका उद्या मांसात रुततो, त्याखालचं रक्त थांबतं, कड निळसर होते आणि मरते. ती मेलेली कड जंतूंना आयतीच सापडते. वर्षांनंतरही ज्यांच्या व्रणावर रेल्वेच्या रुळांसारख्या आडव्या रेघा दिसतात, त्यांचे टाके एकतर फार आवळलेले असतात किंवा फार दिवस ठेवलेले.

त्वचेच्या कडा किंचित बाहेर वळलेल्या हव्यात. आत वळल्या तर कातडीचा वरचा थर वरच्या थराला भेटतो, आणि ते दोन कधी जुळत नाहीत. ओठ फाटला असेल तर भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी ओठाची लाल रेषा शाईने खुणावून ठेवा आणि पहिला टाका त्या रेषेवर घ्या. भुवईवरची जखम असेल तर भुवई भादरू नका. कडा जुळवायला तेवढीच खूण असते.

७. आतड्याची ताकद एका थरात

आतड्याच्या भिंतीला चार थर. बाहेरून चकचकीत आवरण, मग स्नायू, मग श्लेष्मल त्वचेच्या खालचा एक पातळ, पांढुरका थर आणि सगळ्यांत आत श्लेष्मल त्वचा. १८२६ साली फ्रान्समध्ये लाँबेर यांनी आतड्याचे बाहेरचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटवणारा टाका सांगितला, कारण ते लवकर जुळतात. पण टाका नेमका धरून ठेवतो कोण, हे अमेरिकेच्या हॅलस्टेडने १८८७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तो पांढुरका तिसरा थर. त्यात सुई गेली नाही तर टाका लोण्यात घातल्यासारखा निघून येतो. सरावलेल्या हाताला सुई त्या थरात शिरताना हलका अडथळा जाणवतो. तो जाणवला नाही तर टाका काढून पुन्हा घ्यावा, वेळ गेला तरी चालेल.

आणि आमची कित्येक पिढ्यांची कॅटगट, जी लोक मांजराच्या आतड्याची समजत, ती मेंढ्यांच्या आतड्याच्या याच थरापासून करत. ज्या थरावर टाका टिकतो त्याच थराचा दोरा. सुश्रुत तर आतड्याच्या छिद्रावर मोठ्या काळ्या मुंग्या चाववून त्यांची धडं तोडायला सांगतो. डोकी तशीच आत राहायची.

८. हर्निया, म्हणजे ताणाची परीक्षा

जांघेतला हर्निया हे खेड्यातल्या सर्जनचं रोजचं काम. हमाल, ऊसतोड मजूर, विहिरीवर राबणारे, म्हातारे. १८८७ च्याच सुमारास इटलीच्या बासिनींनी जी पद्धत दिली तीत वरचा स्नायू खाली ओढून जांघेच्या बंधाला शिवायचा असतो. त्यात मधली जागा भरते, पण ताणाने. दोन लांबच्या गोष्टी जबरदस्तीने एकत्र आणल्या की टाका हळूहळू कापत जातो. पेशंट पोती उचलायला लागतो आणि हर्निया परत येतो.

१९८० च्या दशकात लिक्टनस्टाइन यांनी ताणच नको म्हटलं, मध्ये जाळी बसवा. जाळी उत्तम, पण महाग. ज्या मजुराची दिवसाची कमाई बुडते म्हणून तो टाके काढण्याआधीच घरी जायची घाई करतो, त्याला जाळीची किंमत सांगताना जीभ अडखळायची. इथे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांचं नाव घेतलंच पाहिजे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियात वापरलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. किंमत बाजारातल्या जाळीच्या मानाने नगण्य. त्या वेळी शहरातल्या परिषदांमध्ये नाकं मुरडली गेली. २०१६ साली युगांडात स्वस्त मच्छरदाणी आणि महागडी जाळी यांची रीतसर तुलना झाली आणि वर्षभराने दोहोंत मोठा फरक दिसला नाही, तेव्हा ती नाकं सरळ झाली. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांनी जाळीच टाळली. पेशंटच्याच स्नायूवरच्या आवरणाची पट्टी, मुळापासून न तोडता, त्या फटीवर शिवायची त्यांची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. यातली कुठली चांगली यावर सर्जन तासन्तास भांडतात. तिन्हींमधला समान धागा मात्र उघड आहे: ओढून शिवू नका.

जाळी लावली म्हणून टाक्याचं महत्त्व कमी होत नाही. पहिला टाका जांघेच्या मधल्या टोकाला, प्यूबिक हाडाच्या उंचवट्यापाशी. जाळी त्या हाडावरून पुढे जायला हवी. तिथे ती आखूड पडली तर हर्निया तिथूनच परततो. पण टाका हाडाच्या आवरणात घालायचा नाही, नाहीतर पेशंटला वर्षानुवर्षं कळ येत राहते. आणि शेजारून जाणारी बारीक नस टाक्यात सापडली तर तो तुम्हाला दर महिन्याला दारात दिसेल.

दोरा निवडताना एकच विचारायचं: ही जागा स्वतःच्या बळावर किती दिवसांनी उभी राहील? त्वचेला आठवडा-दोन आठवडे. शीथला काही महिने, आणि तरीही ती पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही, फार तर ऐंशी टक्के. पॉलिग्लॅक्टिन या विरघळणाऱ्या दोऱ्याची ताकद तीन आठवड्यांत निम्मी होते. म्हणून तो आतड्याला, लघवीच्या पिशवीला, त्वचेखाली चालतो. पोटाच्या शीथला सहा महिन्यांनी विरघळणारा हवा, किंवा न विरघळणारा.

९. काही जखमांना टाकाच नको

नातेवाइकांशी सर्वांत जास्त वाद इथे होतो. कुत्रं चावलंय, पोटरी उघडी पडलीये, आणि डॉक्टरीणबाई नुसती धुऊन पट्टी बांधून पाठवतायत. “टाके नाही घालणार? मग आणलं कशाला?” त्यांना सांगावं लागतं, दादा, साबणाने पंधरा मिनिटं धुणं हेच पहिलं औषध आहे. टाका घातला तर विषाणू आणखी खोल जातात. फारच मोठी जखम असली तर आधी अँटीरेबीज इम्युनोग्लोब्युलिन जखमेत भरायचं आणि मग दोन-तीन सैल टाके, तेही शक्यतो थांबून.

शेणामातीने भरलेली, मळणी यंत्रातली, शिंगाने खोल गेलेली जखमही तशीच. धुवा, मेलेलं मांस कापा, उघडी ठेवा. चार-पाच दिवसांनी तळ लाल आणि स्वच्छ दिसला की तेव्हा शिवा. माती, नख, हाड, साकळलेलं रक्त आत असेल तर आधी साफ करा, मगच शिवा, हेही सुश्रुताने लिहिलंय. गावातल्या माणसाला सुश्रुताचं नाव सांगितलं की तो ऐकतो, हा माझा अनुभव.

१०. टाके काढणं

चेहऱ्यावरचे पाचव्या दिवशी, डोक्यावरचे सात-आठ, पोटावरचे आठ ते दहा, पायाचे आणि सांध्यावरचे बारा ते चौदा. काढताना गाठ उचलून कातडीच्या अगदी लगत कापायचं, म्हणजे बाहेर राहिलेला मळका दोरा आतून ओढला जात नाही. गावाकडे घरच्या ब्लेडने टाके काढणारे महाभाग असतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

आठव्या दिवशी टाके निघाले म्हणजे आतलं भरून आलं असं नाही. तेव्हा जखमेत मूळच्या ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा नसतो, आत शीथ आमच्या दोऱ्याच्या भरवशावर असते. पोट उघडलं असेल तर तीन महिने हंडा, पोतं, बैलगाडीचं जू उचलायचं नाही. खोकला आला तर उशी पोटाशी धरून खोका. डाळ, अंडी, शेंगदाणे खा. टाके पिकतील म्हणून भात, वांगं, डाळ बंद करणाऱ्या सासवांना माझ्याकडे पाठवा.

आणि एक गोष्ट घरी भिंतीवर लिहून ठेवा. पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसात, दुखत नसताना, पट्टी एकाएकी फिकट गुलाबी पाण्याने भिजली, तर आतली शिवण उसवायला लागली आहे असं समजा. नुसती पट्टी बदलून सकाळची वाट बघू नका. पेशंटला पाठीवर झोपवा, जखमेवर स्वच्छ ओला कपडा ठेवा, तोंडात पाणीही घालू नका, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना लगेच फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.